मौनाचा वाटा

डॉ. मोरेश्वर सरवटे यांनी आयुष्यात पुष्कळ पत्रांना उत्तरे दिली नव्हती. त्यांतले एकच पत्र त्यांनी जपून ठेवले होते. गोलीय त्रिकोणमितीच्या एका जुन्या पुस्तकात ते तीन वर्षे पडून होते आणि इतक्या वेळा बाहेर काढले गेले होते की घडीवर कागद फाटू लागला होता.

पत्र हिंदी महासागरातल्या रोश-ब्लाँश नावाच्या एका लहानशा बेटावरून आले होते. लिहिणारी तिथल्या शाळेची मुख्याध्यापिका होती. अक्षर गोल आणि मोठे, फळ्यावर लिहायची सवय असलेल्या माणसाचे.

"आदरणीय सरवटेसाहेब,

माझे नाव शेवंती यंकाजी. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून ऊस तोडायला मॉरिशसला आले. मराठी मी तिथे शाळेत शिकले, म्हणून चुका पोटात घालाव्या.

धूम्रिका लघुग्रह कुठे पडेल तो बिंदू परिषदेच्या रोजच्या पत्रकात येत असे. आम्ही शाळेच्या नकाशावर रोज एक टाचणी टोचत होतो. मुलांना मी त्यावरच अक्षांश-रेखांश शिकवले. नऊ मार्चनंतर पत्रक बंद झाले. शेवटची टाचणी आमच्या पश्चिमेला नव्वद किलोमीटरवर आहे. त्यानंतर यान तिला किती दिवस ढकलत होते, हे पत्रकात नाही. तीन आठवडे ढकलले असेल तर पुढची टाचणी आमच्या शाळेच्या छपरावर येते.

साहेब, तसे आहे का? हो किंवा नाही एवढेच लिहिले तरी चालेल. नसेल तर मी मुलांना सांगेन. असेल तर दुसरे यान पाठवणे थांबवू नये अशी आमची सगळ्यांची हरकत समजावी. खाली एकोणचाळीस सह्या आहेत. परिषदेच्या संकेतस्थळावर विचारले, तर तुमचा प्रश्न सर्व सदस्यांपर्यंत पोचवला आहे असे उत्तर येते. म्हणून तुम्हाला एकट्याला लिहिते."

पत्र मिळाले त्याच दिवशी सरवटेंनी कागद घेऊन 'आपले पत्र मिळाले' असे लिहिले होते. मग ते थांबले. त्या दिवशीच्या गणिताप्रमाणे धूम्रिका रोश-ब्लाँशवर पडण्याची शक्यता शंभरात चार होती. चार टक्क्यांसाठी सहाशे माणसांची झोप उडवायची का? पुढचे निरीक्षण येऊ दे, असे त्यांनी ठरवले. पुढच्या निरीक्षणानंतर नऊ टक्के झाले, मग बावीस, मग एकसष्ट. आधी लिहिण्याएवढी खात्री नव्हती. खात्री झाली तेव्हा एवढा उशीर झाला होता की लिहायची लाज वाटू लागली. मधल्या काळात परिषदेची पत्रके पुन्हा सुरू झाली होती. त्यांत दर वेळी एकच ओळ असे: आघातबिंदू, उघडा महासागर.

आता शक्यता अठ्ठ्याण्णव टक्के होती आणि एकतीस दिवस उरले होते.

* * *

साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या पठारावर कक्षागणन केंद्राची बसकी, पांढरी इमारत होती. सोमवारी सकाळी तिथल्या छोट्या बैठकीच्या खोलीत तिघे जण बसले होते. सरवटे खिडकीपासून सर्वांत दूरच्या खुर्चीवर होते. त्यांचा पंधरा वर्षांपासूनचा सहकारी उस्मान मुजावर पडद्याशी उभा होता. तिसऱ्या सुहासिनी जाधवर. त्या परिषदेच्या विधी विभागातून अहवाल न्यायला आल्या होत्या. मूळच्या बार्शीच्या, वीस वर्षे परदेशात काढलेल्या, पण चहा बशीत ओतून पिणाऱ्या.

"अकराशे टक्के," मुजावर म्हणाला. "बाई, जबाबदारी इतकी झालीय की ठेवायला जागा नाही."

"चेष्टा नको, मुजावर. वाट्यांची बेरीज शंभर यायला पाहिजे."

"आम्हालाही तसंच वाटलं होतं. म्हणून तर सरांनी आठ दिवस रोज पडताळून बघितलं."

सरवटेंनी मान खाली घातली.

परिषदेने केंद्राकडे मागितले होते ते एवढेच: धूम्रिका जिथे पडणार आहे तिथे ती पडण्यात कुणाचा किती वाटा, ते गणिताने काढून द्या. परिषदेत नऊ राष्ट्रे आणि दोन आंतरराष्ट्रीय संघटना होत्या. नऊ वर्षांपूर्वी एकशे साठ मीटर व्यासाचा हा लघुग्रह सापडला, तेव्हा तो दाट वस्तीच्या प्रदेशावर येणार हे स्पष्ट होते. अकराही पक्षांनी मिळून एक आयनझोत यान पाठवले. यान एकाचे, प्रक्षेपण दुसऱ्याचे, झेनॉन वायू तिसऱ्याचा. यानाने लघुग्रहाच्या मागे राहून त्याच्यावर आयनांचा झोत सोडायचा आणि त्याचा वेग किंचित वाढवायचा, म्हणजे त्याची कक्षा रुंदावते आणि प्रत्येक फेरीला जास्त वेळ लागतो. पृथ्वी स्वतःच्या व्यासाएवढे अंतर सात मिनिटांत चालून जाते. लघुग्रहाला सात मिनिटे उशीर झाला की त्याची आणि पृथ्वीची भेट चुकते.

पण सात मिनिटे एकदम मिळत नाहीत. उशीर रोज थोडाथोडा साठतो, आणि तोवर आघातबिंदू पृथ्वीच्या पाठीवरून एका ठरलेल्या रेषेने सरकत राहतो. एका देशातून दुसऱ्यात, तिथून किनाऱ्यावर, तिथून समुद्रात. ज्या देशावर बिंदू असे, त्याचे प्रतिनिधी बैठकीला सर्वांत आधी येऊन बसत. बिंदू पुढे गेला की ते उशिरा येऊ लागत. सरवटेंनी याचा एक आलेखही काढला होता, पण अहवालात घातला नव्हता.

सहा वर्षांनी पहिल्या यानाचा झेनॉन संपला, तेव्हा बिंदू समुद्रातल्या एका ठिपक्यावर होता. जास्त दमाचे दुसरे यान प्रक्षेपणासाठी तयार होते. ते तिथून हलले नाही.

"मला बिनकायद्याच्या माणसाला सांगता तसं सांगा," जाधवर म्हणाल्या. "हे अकराशे आले कुठून?"

"वगळणी-चाचणीतून," मुजावर म्हणाला. "आम्ही नुसत्या लघुग्रहाचं प्रतिरूप केलेलं नाही. परिषदेचं पण केलंय. कोणी कधी काय ठरवलं, सगळं. मग एकेकाला बाहेर काढायचं आणि सगळं पहिल्यापासून चालवून बघायचं. हा नसता तर काय झालं असतं? बेट वाचलं असतं तर वाटा पूर्ण. तसंच झालं असतं तर शून्य."

"बरं."

"ढकलण्याचं गणित सरळ आहे. तिथे थोडं याचं, थोडं त्याचं, असं शंभर येतं. घोळ आहे तो थांबण्यात. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात प्रस्ताव फिरवला गेला, दुसरं यान तूर्त थांबवावं म्हणून. मौनसंमतीनं."

जाधवरांनी बशी खाली ठेवली. मौनसंमती ही परिषदेची रोजची कामाची रीत होती. मतदानाला हात वर करावा लागतो, आणि वर गेलेला हात सगळ्यांना दिसतो. म्हणून प्रस्ताव सर्वांना पाठवायचा आणि बहात्तर तास थांबायचे. कोणी हरकत घेतली नाही तर तो सर्वांनी मान्य केला असे धरायचे. एकाची हरकतही प्रस्ताव मोडायला पुरे होती.

"अकराही जण गप्प बसले," मुजावर म्हणाला. "आता यातला कुठलाही एक काढा, म्हणजे त्याला बोलायला लावा. प्रस्ताव मोडतो, यान उडतं, बेट वाचतं. प्रत्येकाचं हेच. प्रत्येकाचे पूर्ण शंभर."

"आणि अकरा जणांचे शंभर-शंभर म्हणजे कुणाचेच काही नाही," जाधवर म्हणाल्या. "प्रत्येक जण म्हणणार, बाकीच्या दहांना आधी विचारा. माझ्या वीस वर्षांत मी दुसरं काही ऐकलेलं नाही."

"पण थांबवलंच का?" सरवटेंनी विचारले. त्यांचा आवाज इतका हळू होता की जाधवरांना पुढे झुकावे लागले. "यान तयार होतं. मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, काही तांत्रिक असेल."

"तांत्रिक काही नव्हतं, सर," जाधवर म्हणाल्या. "करारात आहे की बिंदू जिथे शेवटी ठरेल तिथली जबाबदारी सर्वांची, पण ज्यानं शेवटचं ढकललं त्याची सगळ्यात जास्त. दुसरं यान उडवणारा देश शेवटचा ठरला असता. कोण पुढे होणार? काही न करणाऱ्याचा वाटा होता तेवढाच राहतो. करणाऱ्याचा वाढतो."

"आणि समुद्रात पडली की लाटा यांच्या किनाऱ्याला पोचेपर्यंत वीतभर राहणार," मुजावर म्हणाला. "तेही आम्हीच काढून दिलंय. मागच्या वर्षी. पुरवणी तीन."

मग सरवटेंनी अहवालाशी संबंध नसलेला प्रश्न विचारला.

"जहाजाचं काय?"

"कुठल्या?"

"सहाशे बारा माणसं आहेत तिथे. भोवती प्रवाळाचा कठडा आहे, मोठं जहाज लागत नाही. पण उथळ बुडाचं एक जहाज सहा दिवसांच्या वाटेवर उभं आहे. परिषदेच्याच एका सदस्याचं. अडीचशे माणसं घेतं. मी नकाशावर बघितलं." त्यांनी घसा साफ केला. "रोज बघतो."

जाधवरांनी चष्मा काढला. "कलम नऊ. मदतीला जो पक्ष प्रथम जाईल, त्यानं कारणसंबंध मान्य केला असं समजलं जाईल. म्हणजे जो जहाज पाठवेल तो म्हणतोय की होय, बिंदू माझ्यामुळे तिथे आहे."

"हे कुणी लिहिलं हो?" मुजावर भडकून म्हणाला. "कोण माणूस असलं लिहितो?"

"मी," जाधवर म्हणाल्या. "मसुदा माझाच. मदतीच्या नावाखाली कुणी दुसऱ्याच्या भूमीवर फौज उतरवू नये म्हणून. तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. टाळ्या पडल्या होत्या."

मुजावर खाली बसला. "माफ करा."

"नका मागू. बेट ज्यांचं आहे तो देश परिषदेत नाही. त्यांची एक बोट दोन महिन्यांनी जाते आणि चाळीस माणसं नेते. त्यांनी आम्हाला विचारलं, आम्ही उत्तर दिलं: उघडा महासागर. खोटं नाही. नव्याण्णव टक्के महासागरच आहे तो. यानाच्या ढकलण्याची नोंद फक्त या केंद्रात, लघुग्रह येतोय सूर्याच्या बाजूनं, दुर्बिणीतून अजून दहा दिवस कुणाला दिसणार नाही. त्यांनी पडताळायचं तरी कसं?"

"आणि आपण इथून सरळ कळवलं तर?" सरवटेंनी विचारले.

"त्या बेटाचा प्रत्येक संदेश परिषदेच्या उपग्रहावरून जातो. बिंदूसंबंधीचा मजकूर अकरा जणांच्या संमतीशिवाय पुढे सरकत नाही. अडकून पडेल."

मुजावर पुन्हा पडद्याकडे वळला होता. त्याला हात रिकामे ठेवता येत नसत. "सर, एक विचारू? परिषदेच्या प्रतिरूपात जागा बारा आहेत. बारावी कायम रिकामी दाखवतोय. ती कुणाची?"

जाधवरांनी कराराची प्रत उघडली, पाने उलटली आणि एका जागी त्यांचे बोट थांबले.

"गणनासदस्य," त्या वाचू लागल्या. "कलम चौदा. केंद्राचा नियुक्त शास्त्रज्ञ. मताधिकार नाही. परंतु बाधित लोकांकडून त्याला लेखी हरकत मिळाल्यास ती परिषदेपुढे ठेवून तो मौन मोडू शकेल. उत्तर लेखी, सहीनिशी आणि हरकत ज्या मार्गानं आली त्याच मार्गानं द्यावं." त्यांनी वर पाहिले. "पण हे कलम कधी वापरलंच गेलं नाही. कुणाची हरकत आली नव्हती."

सरवटे उठले. कोपऱ्यातल्या कपाटातून त्यांनी गोलीय त्रिकोणमितीचे पुस्तक काढले, त्यातले पत्र काढले आणि जाधवरांच्या बशीशेजारी ठेवले. पाकिटावर केंद्राच्या आवक विभागाचा शिक्का होता. तारीख तीन वर्षांपूर्वीची, अठरा मे.

"प्रस्ताव सतराला फिरवला होता," जाधवर पुटपुटल्या. "वीसला मुदत संपली." मग त्यांनी पत्र वाचले आणि पुन्हा वाचले. मुजावरने त्यांच्या खांद्यावरून वाचले.

"सर," तो म्हणाला, "पंधरा वर्षं मी तुमच्या समोरच्या टेबलावर बसतो."

"मी उत्तर लिहायला घेतलं होतं, उस्मान."

"मला सांगायचं होतंत. मी तुमच्यावर ओरडलो असतो. चाललं असतं ना तेवढं?"

"चाललं असतं," सरवटे म्हणाले. "आता बाराव्या जागेचं मौन काढून चालवून बघ."

"नाही बघणार."

"मी बघितलंय. अठ्ठावीस वेळा. यान उडतं."

जाधवर खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पठारावर ऊन होते आणि दोन म्हशी संथपणे कुंपणाच्या कडेने चालल्या होत्या. "मग तुम्ही बारावे," त्या म्हणाल्या. "बाराशे टक्के. फरक काय पडला?"

"पडतो," सरवटे म्हणाले. आता त्यांचा आवाज किंचित स्थिर होता. गणिताबद्दल बोलताना तो तसा होई. "तुम्ही मागच्या खेपेला उस्मानला समजावत होता, मी ऐकलं होतं. जबाबदारीला नुसतं कारण पुरत नाही. जाणीव लागते. ज्यांना ठाऊक नव्हतं आणि ज्याला ठाऊक होतं असे एकत्र आले, तर भार कुणावर जातो?"

जाधवर वळल्या. "ज्याला ठाऊक होतं त्याच्यावर. पूर्ण."

"अकरा जणांच्या कागदावर उघडा महासागर आहे. त्यांतल्या एकानंही बेटाचं नाव लिहून घेतलेलं नाही. माझ्याकडे नाव, गाव, अंतर, सह्या, शिक्का सगळं आहे. मी जर या पत्राला उत्तर दिलं, सहीनिशी, की मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो, तर त्यांचा वाटा शून्य होतो."

"सर, ते खूश होतील," मुजावर म्हणाला. "पेढे वाटतील. म्हणून तर देऊ नका. अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेल्या एका माणसाच्या गळ्यात अकरा पक्षांचं..."

"त्यांचा वाटा शून्य झाला," सरवटे तसेच पुढे बोलत राहिले, "की जहाज पाठवून कुणी काही मान्य करत नाही. मान्य करायला काही उरतच नाही. ते माझं झालेलं असतं. मग त्या जहाजाला भ्यायचं कारण काय?"

वीस वर्षांच्या सवयीने जाधवर युक्तिवादातले भोक शोधत होत्या. ते सापडले नाही.

"जहाज पाठवण्याचा प्रस्ताव मी मांडू शकते," त्या शेवटी म्हणाल्या. "विधी विभागाला तो अधिकार आहे. मौनसंमतीनं. बहात्तर तास. एकानंही तोंड उघडलं नाही तर जहाज सुटेल."

"उस्मान, खेपा," सरवटे म्हणाले.

मुजावरने कागद ओढला. "तीन दिवस मौनाचे. सहा दिवस पोचायला. दोन दिवस होड्यांतून माणसं चढवायला. पाच दिवस सुरक्षित किनाऱ्याला. सोळा झाले. परत जायला पाच, चढवायला दोन, आणायला पाच. अठ्ठावीस. तिसऱ्या खेपेला जहाज तिथे पोचेल तेहतिसाव्या दिवशी." तो थांबला. "धूम्रिका एकतिसाव्या दिवशी."

"दोन खेपा. पाचशे."

"एकशे बारा राहतात, सर."

"उत्तर आठवडाभर आधी दिलं असतं तर?"

मुजावरने कागद उलटा करून ठेवला. मागचे आठ दिवस बेरीज शंभर का येत नाही हे सरवटे पडताळून पाहत होते, आणि ते त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होते.

* * *

पत्र लिहायला त्यांना वीस मिनिटे लागली. मसुदा त्यांनी मुजावरला दाखवला.

"श्रीमती शेवंती यंकाजी यांस,

आपले पत्र मिळाले. उत्तराला तीन वर्षे उशीर झाला.

आपण विचारले होते, तसे आहे का. हो, तसे आहे. आपले टाचण्यांचे गणित बरोबर होते. मी नंतर जे गणित केले त्यात आणि आपल्या गणितात चारशे मीटरचा फरक आहे, आणि त्याने काही बदलत नाही.

हे मला आपले पत्र मिळाले त्या दिवसापासून ठाऊक होण्यासारखे होते आणि वर्षभरात पुरते ठाऊक झाले. आपली हरकत मी परिषदेपुढे ठेवायला हवी होती. ठेवली नाही. ठेवली असती तर दुसरे यान गेले असते. परिषदेच्या कोणत्याही सदस्याला आपल्या पत्राची माहिती नव्हती. जे होत आहे त्याची जबाबदारी माझी आहे.

आपल्या मराठीत चुका नव्हत्या.

मो. ह. सरवटे"

"हे खरं नाहीये," मुजावर म्हणाला. "शेवटच्या दोन-तीन ओळी सोडल्या तर."

"कुठल्या दोन-तीन?"

"मराठीबद्दलची खरी आहे. 'जबाबदारी माझी' हे बाराव्या हिश्शानं खरं आहे."

"बाराव्या हिश्शानं खरं असलेलं वाक्य कायद्यात चालत नाही," जाधवर दारातून म्हणाल्या. "लिहिलंय तसंच राहू द्या."

यवतेश्वरच्या घाटातून गाडी खाली साताऱ्यात आली. टपाल कार्यालयाच्या पायऱ्यांशी जाधवरांनी गाडी थांबवली, पण दाराचे कुलूप सोडले नाही.

"सर, दोन गोष्टी सांगायच्यात. आत जायच्या आधी. एक म्हणजे, हे इथेच संपणार नाही. एका माणसानं सगळं घेतलं की अकरा जण सुटतात, हे त्यांना आज कळेल. पुढच्या प्रत्येक संयुक्त मोहिमेच्या करारात असा एक जण असेल. आधीच नेमलेला. त्याला पत्रं येतील अशी सोय असेल. मसुदा करायला मलाच सांगतील, आणि मी करीन. मी नाही केला तर दुसरं कुणी करेल, आणि माझ्यापेक्षा वाईट करेल."

"माझ्याही मनात ते आलं," सरवटे म्हणाले. "दुसरी?"

जाधवरांनी दोन्ही हात चाकावर ठेवले. "गणनासदस्य निवडला तेव्हा मी त्या समितीत होते. सहा नावं होती. तुमच्यापेक्षा मोठी नावं होती. प्रत्येकाच्या पुढे एक शेरा होता. तुमच्यापुढे लिहिलं होतं, गणित अचूक. पत्रांना उत्तर देत नाहीत."

सरवटे समोरच्या काचेतून बघत राहिले. पायऱ्यांवर एक म्हातारी बाई पिशवीतून काहीतरी शोधत होती.

"म्हणून निवडलं?"

"कुणी तसं बोललं नाही. प्रस्ताव फिरवला. बहात्तर तासांत कुणाची हरकत आली नाही." त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझीही नाही."

मागच्या आसनावर मुजावरने एक शिवी हासडली. बार्शी आणि सातारा दोन्हीकडे कळेल अशी. त्याबद्दल त्याने या वेळी माफी मागितली नाही.

"त्यांचं गणितही अचूक होतं म्हणायचं," सरवटे म्हणाले. मग त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. "उघडा."

"अजूनही देणार?"

"आजची तारीख पडायला हवी. खिडकी चारला बंद होते."

काउंटरमागच्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिले. "हे कुठं आलं? पिनकोड नाही."

"त्यांना नसतो. मॉरिशसमार्गे जातं."

बाईंनी संगणकावर नाव शोधले. "काका, तिकडं दोन महिन्यातनं एकदा बोट असती म्हणं. पोचायला अडीच महिने धरा. घाईचं आहे का?"

"आहे."

"मग फोन करून सांगा की."

"लेखीच द्यायचं आहे. रजिस्टर करा. आणि शिक्का जरा ठळक उठवा, तारीख वाचता आली पाहिजे."

बाईंनी शिक्का शाईच्या गादीवर दोनदा दाबला आणि तिकिटाच्या कडेवर आपटला. तारीख ठळक उठली. पाकीट त्यांनी मागच्या पोत्यात टाकले आणि पावती पुढे केली.

सरवटे बाहेर आले, तेव्हा जाधवर गाडीच्या टपावर कागद ठेवून प्रस्तावावर सही करत होत्या. मुजावरने पावतीचे छायाचित्र काढले आणि ते, पत्राची प्रत आणि प्रस्ताव परिषदेला रवाना केले. चार वाजायला दहा मिनिटे कमी होती. बहात्तर तास सुरू झाले.

आता अकरा जणांनी गप्प बसायला हवे होते, एवढेच. ते त्यांना चांगले जमत असे.

सरवटेंनी काखेतले पुस्तक उघडले. पत्र ज्या पानांमध्ये असे, तिथे एक पिवळसर चौकोन उमटला होता. पावती त्यावर ठेवून त्यांनी पुस्तक मिटले आणि गाडीत बसायच्या आधी, ओठ न हलवता, पुन्हा एकदा मोजून पाहिले. एकशे बाराच येत होते.